बॅटिंग ऑर्डर आणि सव्विसावा माणूस

मार्च निम्मा संपलाय. पार्किंग लॉटच्या कडेला बर्फाचे काळपट ढीग अजून तसेच पडलेत, सकाळी गाडीची काच खरवडावी लागतेय, पण आमच्या ऑफिसात मात्र उन्हाळा आलाय. म्हणजे कॉफी मशीनपाशी बेसबॉल सुरू झालंय. तिकडे ॲरिझोनात मेसा नावाच्या गावी टीमचा सराव चालू असतो आणि इकडे आमच्या मजल्यावर किमान चार जण स्वतःला मॅनेजर समजायला लागलेले असतात.

टीम अर्थातच शिकागो कब्ज. (हसून घ्या. मी पहिल्यांदा आईला फोनवर टीमचं नाव सांगितलं तेव्हा तिने इसबगोल पाठवू का विचारलं होतं. १९०८ नंतर थेट २०१६ साली जिंकले, म्हणजे १०८ वर्षं मोकळं झालं नाही, हे कळल्यावर बाबा म्हणाले नाव बरोबरच आहे.)

माझ्या शेजारच्या क्यूबिकलमध्ये पन्नाशीचा एक गृहस्थ बसतो. जन्मापासून कब्जचा. त्याचे वडीलही कब्जचे, आजोबाही. दर मार्चला तो एका पिवळ्या पॅडवर नऊ नावं लिहितो आणि माझ्यासमोर ठेवतो. मग मी, ज्याने वयाच्या पंचविशीपर्यंत बेसबॉलची बॅट हिंदी सिनेमात गुंडांच्या हातातच पाहिली होती, त्याच्याशी तावातावाने वाद घालतो. सलामीला कोण? चौथ्यावर कोण? अमक्याला सातव्यावर ढकलणं हा त्याचा अपमान नाही का?

आपण क्रिकेटवाले या वादात पटकन घुसतो, कारण आपल्याला वाटतं हे आपल्याला समजतं. १९९४ साली ऑकलंडला सिद्धूची मान आखडली, सचिन ओपनिंगला गेला, ४९ चेंडूंत ८२ केले आणि वनडेचा इतिहास बदलला. बॅटिंग ऑर्डर म्हणजे काय असतं ते आम्हाला शिकवू नका!

पण इथेच गंमत आहे. क्रिकेटमध्ये ऑर्डरला अर्थ आहे कारण नवा बॉल आहे, जुना बॉल आहे, ओव्हर संपत जातात, आणि अकराव्याला कदाचित बॅटिंग मिळतच नाही. बेसबॉलमध्ये नऊ जण गोल गोल फिरत राहतात. नववा झाला की पुन्हा पहिला. तीन आऊट झाले की इनिंग संपली, आणि पुढच्या इनिंगमध्ये जिथे थांबलो तिथून पुढे. म्हणजे ‘सलामीवीर’ हा खात्रीने फक्त पहिल्या इनिंगचा सलामीवीर असतो. नंतर कोण सलामीला येईल ते देवाच्या हातात.

मग ऑर्डरने फरक पडतो तो कशाने? मुख्य म्हणजे कोणाला किती वेळा बॅटिंग मिळते याने. हे गणित कोणीही कागदावर करू शकतं. मॅच संपते तेव्हा शेवटचा बॅटर नवांपैकी कोणीही असू शकतो. समजा प्रत्येकाची शक्यता सारखी धरली, तर प्रत्येक वरच्या जागेला खालच्या जागेपेक्षा नऊ मॅचमागे एक संधी जास्त मिळते. सीझनमध्ये मॅच १६२. १६२ भागिले ९ म्हणजे १८. एक जागा वर गेलात की वर्षाला साधारण १८ वेळा जास्त बॅटिंग. पहिल्या आणि नवव्यात दीडशेच्या आसपास फरक.

जुन्या लोकांचा नियम असा: पहिला चपळ हवा, दुसरा बॉल नीट ढकलणारा हवा, तिसरा टीमचा सर्वात चांगला बॅटर, चौथा सर्वात दांडगा. आता जरा तिसऱ्याचं बघा. आजच्या बेसबॉलमध्ये सर्वसाधारण बॅटर शंभरात साधारण ३२ वेळा बेसवर पोचतो, ६८ वेळा आऊट. म्हणजे पहिले दोघेही आऊट व्हायची शक्यता ०.६८ गुणिले ०.६८, जवळपास ४६ टक्के. तुमचा सर्वोत्तम माणूस पहिल्या इनिंगमध्ये जवळजवळ निम्म्या वेळा दोन आऊट आणि बेस रिकामे अशा अवस्थेत येणार! आपल्या आजोबांनी ही जागा का पवित्र मानली देव जाणे.

हे सगळं टॉम टँगो, मिचेल लिक्टमन आणि अँड्र्यू डॉल्फिन या तिघांनी २००६ साली ‘द बुक’ नावाच्या पुस्तकात व्यवस्थित मांडलंय. (नाव ठेवण्यात नम्रता नाही, पण पुस्तक खरंच तसं आहे.) त्यांचं म्हणणं, सर्वात चांगले तीन बॅटर पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या जागी ठेवा. आणि त्याच पुस्तकात पुढे जे आहे ते कॉफी मशीनपाशी कोणालाच ऐकायचं नसतं: मॅनेजरने लावलेली बरी ऑर्डर आणि कॉम्प्युटरने काढलेली सर्वोत्तम ऑर्डर यांच्यात अख्ख्या सीझनमध्ये फरक पडतो दहा-पंधरा रनचा. बेसबॉलमध्ये साधारण दहा रन म्हणजे एक विजय असं धरतात. म्हणजे १६२ मॅचमध्ये एक, फार तर दीड.

मला ते पटेना म्हणून मीही एक अख्खा शनिवार घालवून सिम्युलेटर लिहिला. नऊ जणांच्या ३,६२,८८० ऑर्डर होतात, सगळ्या फिरवल्या तर लॅपटॉपचा पंखा विमानासारखा ओरडायला लागतो, म्हणून थोड्याच फिरवल्या. माझा कोड छापण्याच्या लायकीचा नाही. पण आकडे त्याच्याच आसपास आले आणि मी लॅपटॉप मिटून गुपचूप जेवायला गेलो.

तरी वाद थांबत नाही, कारण गोष्टी आकड्यांपेक्षा चविष्ट असतात. काईल श्वार्बरची घ्या. २०१६ च्या एप्रिलमध्ये गुडघ्याचे लिगामेंट फाटले, सीझन संपला म्हणून सोडून दिलेला माणूस थेट वर्ल्ड सीरिजमध्ये उतरला आणि .४१२ च्या सरासरीने खेळला. त्या हिवाळ्यात कब्जचा सलामीवीर डेक्स्टर फाउलर टीम सोडून गेला आणि मॅनेजर जो मॅडनने २०१७ साठी या आडव्या अंगाच्या, कॅचर म्हणून वाढलेल्या गड्याला पहिल्या जागी टाकलं. काय तो गदारोळ! सलामीला असला माणूस? जूनमध्ये त्याची सरासरी होती .१७१, आणि त्याला खाली ट्रिपल-एच्या टीममध्ये, आयोवाला, पाठवलं. जुने लोक म्हणाले, बघा, आम्ही सांगत होतो. मग हाच श्वार्बर पुढे फिलाडेल्फियाला गेला, तिथे पहिल्याच जागेवर खेळला, आणि २०२४ मध्ये मॅचच्या सुरुवातीलाच मारलेले १५ होमरन करून एका सीझनचा विक्रम केला. आता कोण बरोबर होतं? मला विचाराल तर कोणीच नाही. २०१७ मध्ये तो वाईट खेळत होता, बस. तो पाचव्या जागेवरही वाईटच खेळला असता.

किंवा अगदी अलीकडचं, २०२५. सुरुवातीला इयन हॅप सलामीला होता. पुढे मॅनेजर क्रेग काउन्सेलने उजव्या हाताच्या पिचरसमोर मायकल बुशला वर आणलं. बुश पहिल्या बेसवर उभा राहणारा दणकट गडी, त्या सीझनला ३४ होमरन. माझ्या शेजाऱ्याला हे अजिबात मान्य नव्हतं. मग ऑक्टोबर आला. मिलवॉकी ब्रुअर्सविरुद्ध मालिकेची पहिली मॅच, पहिला बॅटर बुश, आणि थेट होमरन! मी शेजाऱ्याला विजयी मेसेज टाकला. त्याचं उत्तर यायच्या आत त्याच इनिंगमध्ये ब्रुअर्सनी सहा रन ठोकले आणि मॅच ९-३ ने गेली. मालिकाही गेली. आमची ऑर्डर मात्र बरोबर होती बरं का :-)

इतकं सगळं सांगायचं कारण वेगळंच आहे. शेजाऱ्याच्या पिवळ्या पॅडवर नऊ नावं असतात. पण टीममध्ये नऊ जण नसतात, सव्वीस असतात. २०२० पासून हा आकडा २६ आहे, आणि त्यात पिचर जास्तीत जास्त तेरा. म्हणजे बॅटर तेरा. नऊ खेळणारे, एक जादा कॅचर, एक-दोन कुठेही उभे राहू शकणारे. खरी मोकळी जागा मार्च संपताना एकच उरते, फार तर दोन. त्या एका जागेसाठी मेसामध्ये चार-पाच पोरं जीव काढत असतात. त्यावर कॉफी मशीनपाशी आम्ही किती बोलतो? अर्धं मिनिट.

ती जागा कोणाला मिळते? तुम्ही म्हणाल, चांगला खेळेल त्याला. मलाही पहिल्या वर्षी असंच वाटलं होतं. पण इथे ‘ऑप्शन’ नावाचा प्रकार आहे. मुख्य चाळीसच्या यादीत आलेल्या तरुण खेळाडूला टीम साधारण तीन सीझन, त्याला न विचारता, खाली पाठवू शकते आणि परत वर बोलावू शकते. आधी याला सीझनमध्ये मर्यादाच नव्हती, २०२२ पासून पाच वेळा अशी मर्यादा आली. ऑप्शन संपले की मात्र पंचाईत. मग खाली पाठवायच्या आधी त्याला बाकीच्या एकोणतीस टीमसमोर ठेवावं लागतं, कोणीही उचलून नेऊ शकतो. आता तुम्ही मॅनेजमेंट आहात. एकीकडे चोवीस वर्षांचा पोरगा, मार्चभर छान खेळलाय, ऑप्शन शिल्लक. दुसरीकडे एकोणतीस वर्षांचा, बरा खेळलाय, ऑप्शन संपलेत. पोराला खाली पाठवलं तर दोघेही तुमच्याकडेच राहतात. उलट केलं तर एक जातो. कोणाला पाठवाल?

बरोबर. मीही तेच केलं असतं.

खाली म्हणजे किती खाली? आयोवाची टीम डे मॉइनला खेळते, शिकागोहून गाडीने पाच-सव्वापाच तास. अंतर एवढंच. पण २०२३ मध्ये मेजर लीगचा किमान वार्षिक पगार होता ७,२०,००० डॉलर आणि मायनर लीगच्या नव्या करारात ट्रिपल-एचा किमान पगार ठरला ३५,८०० डॉलर. वीसपट. (चाळीसच्या यादीतल्यांना खाली असतानाही थोडे बरे पैसे मिळतात, पण वरच्यासारखे नाहीत.) आम्ही एका विजयाच्या फरकावर दोन आठवडे भांडतो, आणि ज्या निर्णयाने कोणाचं वर्ष बदलतं तो मंगळवारच्या दुपारी एका ओळीच्या बातमीत संपतो.

खाली पाठवूच नये असं मी म्हणत नाहीये. २०२५ मध्ये मॅट शॉ हा नवा पोरगा तिसऱ्या बेसवर सुरुवातीपासून खेळला, १८ मॅचनंतर सरासरी .१७२, एप्रिलच्या मध्यात आयोवा. मे महिन्यात परत. यात कोणी कोणाला फसवलं नाही. खेळ जमत नव्हता, सगळ्यांना दिसत होतं, सांगितलं असेल तर खरंच सांगितलं असेल. श्वार्बरचंही तसंच. माझा राग दुसऱ्या प्रकारावर आहे.

क्रिस ब्रायंट, २०१५. मार्चच्या सराव सामन्यांत नऊ होमरन, सगळ्या खेळाडूंमध्ये सर्वाधिक. सरासरी .४२५. आणि त्याला आयोवाला पाठवलं. कारण काय दिलं? फील्डिंगवर अजून काम करायला हवं. १७ एप्रिलला वर आणलं. त्या दोन-अडीच आठवड्यांत फील्डिंग सुधारलं म्हणायचं! खरा हिशेब असा, की मेजर लीगमध्ये सहा पूर्ण वर्षं भरली की खेळाडू मोकळा होतो, कुठल्याही टीमशी बोलू शकतो. पूर्ण वर्ष धरायला १७२ दिवस लागतात. ब्रायंटचे त्या वर्षी भरले १७१. एक दिवस कमी. म्हणजे टीमला तो जवळपास सात वर्षं मिळाला. त्याने तक्रार केली, लवादाने २०२० च्या सुरुवातीला टीमच्या बाजूने निकाल दिला. नियमात बसत होतं.

माझा शेजारी यावर खांदे उडवतो. म्हणतो, त्याचं काय बिघडलं? त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित तोच, पुढच्या वर्षीचा एमव्हीपी तोच, वर्ल्ड सीरिजचा शेवटचा बॉल त्याच्याच हातून गेला. आणि तो एक दिवस मिळून २०२० नंतर मोकळा झाला असता तर .२०६ च्या सरासरीवर बाजारात उभा राहिला असता. त्याऐवजी २०२२ मध्ये कोलोरॅडोने त्याला सात वर्षांचे १८२ मिलियन दिले. हे मात्र खरं आहे. मी यावर बराच वेळ गप्प बसलो होतो. पैशाच्या हिशेबाने पाहिलं तर कदाचित त्याचा फायदाच झाला.

पण मला ते ‘फील्डिंग’ सोडवत नाही. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं, त्यालाही माहीत होतं, तरी खोटं कारण तोंडावर द्यायचं आणि त्याने ते मान हलवून ऐकायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत सिॲटल मरिनर्सचा अध्यक्ष केव्हिन मॅथर एका रोटरी क्लबच्या ऑनलाइन सभेत बोलता बोलता खरं सांगून बसला, की जॅरेड केलेनिकने लांबचा करार नाकारलाय आणि तो सीझनच्या सुरुवातीला वर येणार नाही. शिवाय एका डॉमिनिकन पोराचं, हुलिओ रॉड्रिगेझचं, इंग्लिश काही खास नाही असंही बोलला. व्हिडिओ बाहेर आला आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. जायलाच हवं होतं. पण बाकीच्या टीमचे साहेब तोच हिशेब करत होते आणि ‘फील्डिंग’ म्हणत होते, ते राहिले. २०२२ च्या करारात थोडी दुरुस्ती झाली: नवोदितांच्या पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोनात आलात तर उशिरा वर येऊनही पूर्ण वर्ष धरतात. पिट्सबर्गचा पॉल स्कीन्स २०२४ मध्ये मे महिन्यात वर आला आणि पुरस्कार जिंकून अख्खं वर्ष घेऊन गेला. छान आहे. पण त्यासाठी पॉल स्कीन्स असावं लागतं. सव्विसाव्या माणसाला त्याचा काय उपयोग?

आता तुम्ही म्हणाल, याला इतकं का लागलंय. तर सांगतो.

तीन वर्षांपूर्वी मी पुण्यात होतो, सहा जणांच्या एका मॉड्यूलचा लीड. क्लायंटने बजेट कापलं, एक माणूस कमी करा म्हणाले. टीममध्ये नाशिककडचा एक पोरगा होता, दीड वर्षाचा अनुभव, रात्री अकराला बिल्ड फुटला तरी न सांगता बसून दुरुस्त करणारा. दुसरा एक सीनियर होता, काम बेताचं, पण त्याचा व्हिसा याच क्लायंटच्या नावावर फाइल झाला होता. त्याला हलवलं तर सगळे कागद पुन्हा. पोराला बेंचवर टाकायला कोणाला विचारावंही लागत नव्हतं. आमच्या मॅनेजरने दोन मिनिटांत निर्णय घेतला आणि मला म्हणाला, तू सांग त्याला, काहीतरी फीडबॅक दे म्हणजे बरं दिसेल.

मी त्याला मीटिंग रूममध्ये नेलं आणि म्हणालो, तुझं टेक्निकल चांगलं आहे, पण कम्युनिकेशनवर थोडं काम करायला हवं.

त्याचे ईमेल माझ्यापेक्षा नीट असायचे. त्याने डायरी काढली आणि ते लिहून घेतलं. मला अजून आठवतं, ‘कम्युनिकेशन’ लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

मी त्याला सांगू शकलो असतो, की हे तुझ्या कामामुळे नाही, कागदपत्रांमुळे आहे, आणि पुढच्या वेळी दुसऱ्या प्रोजेक्टसाठी मी तुझं नाव देईन. एवढं बोलायला एक मिनिट लागलं असतं आणि माझी नोकरीही गेली नसती. चार महिन्यांनी मी इथे यायच्या तयारीत असताना त्याचा मेसेज आला. “सर, इंग्लिश स्पीकिंगची लेव्हल टू पूर्ण झाली, आता परत कन्सिडर कराल का?” बेंचवर बसून, स्वतःच्या खिशातून फी भरून, त्याने माझ्या खोट्या कारणाचा क्लास लावला होता. मी ‘नक्की’ असं उत्तर पाठवलं आणि बॅग भरायला घेतली. नंतर त्याने ती कंपनी सोडली असं कळलं. कुठे गेला ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

परवा शेजारी नवं पिवळं पान घेऊन आला. सलामीला कोण यावर वीस मिनिटं झाली. मग मी विचारलं, आणि सव्विसावा कोण? तो म्हणाला, तू सांग. मी तीन नावं घेतली, तिघांचे किती ऑप्शन शिल्लक आहेत ते फोनवर शोधून सांगितलं. त्याने पॅड उलटं केलं आणि मागच्या बाजूला ती तीन नावं लिहून घेतली. मग म्हणाला, यातल्या पहिल्या पोराला मी मेसाला पाहिलंय, शेवटच्या बसमध्ये चढेपर्यंत सह्या देत होता.